रिंग्ज मोजणाऱ्यांनो, एप्रिलमध्ये जरा गप्प बसा

२२ एप्रिल २०२५, मंगळवार, सकाळचे साडेसात वाजत आलेले. आईने दूध तापत ठेवलं होतं आणि ‘लक्ष ठेव’ असं सांगून ती बाल्कनीत झाडांना पाणी घालायला गेली होती. मी ओट्यापाशी उभा, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवलेला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अजून सोमवारची रात्र होती. एनबीए प्लेऑफची पहिली फेरी, सामना दुसरा, निक्स विरुद्ध डेट्रॉइट पिस्टन्स, शेवटचं मिनिट, स्कोअर ९४-९४. डेनिस श्रोडरने थ्री मारला, दूध उतू गेलं आणि मी दोन्हींसाठी एकदमच ओरडलो.

पिस्टन्स १००-९४ जिंकले. केड कनिंगहॅमचे ३३ पॉइंट, १२ रिबाउंड. पण आकडा सांगायचा तो वेगळाच आहे. आमची टीम प्लेऑफमधला याआधीचा सामना जिंकली होती मे २००८ मध्ये. त्यानंतर प्लेऑफमध्ये सलग १५ पराभव. २००९ मध्ये क्लीव्हलंडने ४-० धुतलं, २०१६ मध्ये परत त्यांनीच, २०१९ मध्ये मिलवॉकीने. मधल्या बाकीच्या वर्षांत प्लेऑफचं तोंडही पाहिलं नाही. एवढे सलग पराभव प्लेऑफच्या इतिहासात दुसऱ्या कुठल्या टीमच्या वाट्याला आले नव्हते. तो विक्रम त्या सकाळी थांबला. शेगडी पुसता पुसता मी आमच्या बास्केटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीतरी बावळट, भरून आलेलं लिहिलं. अर्ध्या मिनिटात एका मित्राचं उत्तर आलं : ‘अरे पहिल्या राउंडची एक मॅच जिंकलात. रिंग नाही जिंकलात.’

मित्र लेकर्सवाला आहे. त्याच्याकडे १७ रिंग्ज आहेत. म्हणजे लेकर्सकडे आहेत, पण बोलताना तो बोटं पुढे करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एनबीए जिंकणाऱ्या टीमच्या खेळाडूंना अंगठी मिळते. त्यामुळे ‘रिंग’ म्हणजे विजेतेपद. आणि गेल्या काही वर्षांत बास्केटबॉलबद्दल बोलायचं म्हणजे रिंग्ज मोजायच्या, एवढंच शिल्लक राहिलंय. टीव्हीवरचे सूट घातलेले माजी खेळाडू तेच करतात, पॉडकास्टवाले तेच, आणि त्यांच्या ३० सेकंदांच्या क्लिप्स बघून मोठी झालेली आपल्याकडची पोरंही. कुठल्याही खेळाडूचं नाव घ्या, पहिला प्रश्न : किती रिंग्ज? शून्य म्हटलं की चर्चा संपली. चार्ल्स बार्कली शून्य, पॅट्रिक युइंग शून्य, जॉन स्टॉकटन शून्य. पुढचा.

माझं म्हणणं सरळ आहे. हा हिशोब अडाणी आहे, आतून खोटा आहे, आणि त्याने वर्षातला सगळ्यांत सुंदर पंधरवडा नासवलाय. कारण प्लेऑफच्या सुरुवातीला १६ टीम्स उभ्या असतात आणि त्यातल्या १५ हरणार असतात. रिंगच खरी असेल तर एप्रिलमध्ये आपण जे बघतो ते सगळं १५ टीम्सच्या वाया जाण्याची प्रोसिजर आहे. मग बघता कशाला? जूनमध्ये निकाल वाचा ना, बोर्डाच्या रिझल्टसारखा.

आधी खोटेपणाचं बघू. रिंगवाल्यांचं सगळ्यांत लाडकं वाक्य म्हणजे ‘जॉर्डन फायनलमध्ये ६-०, लेब्रॉन ४-६’. बरोबर आहे. मायकल जॉर्डन सहा फायनल खेळला, सहाही जिंकला. लेब्रॉन जेम्स दहा खेळला, चार जिंकला. आता या आकड्याच्या पोटात काय आहे बघा. लेब्रॉनची पहिली हरलेली फायनल २००७ ची, सॅन अँटोनियोने ४-० हरवलं. त्या फायनलला तो पोचला कसा? ईस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये आमच्या पिस्टन्सविरुद्ध, आमच्याच कोर्टवर, पाचव्या सामन्यात, दोन ओव्हरटाइम, त्याने ४८ पॉइंट काढले आणि आपल्या टीमचे शेवटचे २५ पॉइंट एकट्याने केले. बाकीचे चौघं जवळजवळ प्रेक्षक होते. बावीस वर्षांचा पोरगा. मी पिस्टन्सवाला असून सांगतो, एका माणसाने बास्केटबॉलमध्ये याहून जास्त काही केलेलं मी पाहिलेलं नाही. आता हिशोब करा. त्या रात्री तो आमच्याकडून हरला असता आणि क्लीव्हलंड ती सिरीज गमावून बसलं असतं, तर त्याचा फायनलचा रेकॉर्ड ४-५ झाला असता. म्हणजे सुधारला असता! ही वही अशी आहे की तिच्यात लवकर हरलेलं चालतं, उशिरा हरलेलं नाही.

आणि जॉर्डन? त्याच्या पहिल्या तीन प्लेऑफमध्ये तो पहिल्याच फेरीत घरी गेला. १९८५, १९८६, १९८७. एकूण १० सामने, त्यात विजय एक. हे ६-० मध्ये कुठे दिसतं? कुठेच नाही. पहिल्या फेरीत हरलेलं मोजायचंच नसतं, आणि तिथे केलेलंही मोजायचं नसतं.

२० एप्रिल १९८६, बॉस्टन गार्डन. पायाचं हाड मोडल्यामुळे जॉर्डन जवळपास अख्खा सीझन बाहेर होता. शिकागो बुल्स ३० सामने जिंकून आणि ५२ हरून कसेबसे प्लेऑफमध्ये घुसले होते. समोर लॅरी बर्डचे सेल्टिक्स, त्या वर्षी ६७ सामने जिंकलेले, पुढे विजेतेही तेच. या सामन्यात जॉर्डनने ६३ पॉइंट केले. प्लेऑफमधल्या एका सामन्यातला हा विक्रम पुढची जवळपास चार दशकं कुणाला मोडता आला नाही. आणि बुल्स हरले. दोन ओव्हरटाइमनंतर १३५-१३१. सिरीज तेव्हा पाच सामन्यांची असायची, ती ०-३ गेली. जॉर्डनचा ‘जॉर्डन’ जिथे झाला असं खुद्द बर्डला त्या रात्री वाटलं, तो सामना पहिल्या फेरीतला आहे, हरलेला आहे, आणि क्लीन स्वीपमधला आहे. रिंगच्या वहीत त्या पानावर भोपळा.

आता वहीवाले काय म्हणतात? ‘ते वेगळं, त्याने नंतर जिंकून दाखवलं ना.’ ठीक. मग ज्याने नंतर जिंकून दाखवलं त्याच्यावर तरी खूश असा! केविन ड्युरांटला वर्षानुवर्षं ‘रिंग नाही, रिंग नाही’ म्हणून टोचलं. २०१६ मध्ये तो आदल्या सीझनला ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटला गेला, दोन रिंग्ज घेतल्या. लगेच हेच लोक म्हणाले, या मोजायच्या नाहीत, तयार गाडीत बसलास. २०२० मध्ये कोविडमुळे सगळे सामने फ्लोरिडातल्या डिस्नीच्या आवारात झाले, लेकर्स जिंकले, तर म्हणे ही मिकी माउस रिंग. म्हणजे रिंग नसेल तर तुम्ही कुणी नाही, आणि असेल तर ती तपासून घेणारे सराफही हेच. हा हिशोब मुळी कुणाचं मोठेपण मोजायला बसवलेलाच नाही. रोज दोन तास टीव्हीवर भांडायला काहीतरी लागतं, म्हणून तो आहे.

इथे मला थांबून एक कबूल करायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा हरणाऱ्या टीमचा माणूस, याला द्राक्षं आंबट.

२०२३ मध्ये मिलवॉकी बक्स ५८ सामने जिंकून पहिल्या नंबरवर होते. पहिल्या फेरीत समोर मायामी हीट, आठवा नंबर, तोही प्ले-इनमधून धडपडत आलेला. मायामीने त्यांना ४-१ उडवलं. जिमी बटलरने चौथ्या सामन्यात ५६ पॉइंट केले. शेवटच्या पराभवानंतर पत्रकार परिषदेत यानिस आंटेटोकुम्पोला कुणीतरी विचारलं की हा सीझन अपयशी म्हणायचा का. तो चिडला. त्याने उलट विचारलं, तुला दरवर्षी प्रमोशन मिळतं का? नाही मिळालं तर ते वर्ष अपयशी का? मग म्हणाला, जॉर्डन १५ वर्षं खेळला, सहा वेळा जिंकला, उरलेली नऊ वर्षं अपयश होती का? खेळात अपयश नसतंच, पायऱ्या असतात. ती क्लिप तुम्ही बघितली असेल, आपल्याकडच्या मोटिव्हेशनवाल्यांनी खाली व्हायोलिन लावून ती फिरवली होती.

मला ते उत्तर पटत नाही. यानिसच्या पाठीला लागलं होतं, दोन सामने तो खेळूच शकला नाही, हे सगळं मान्य. पण अपयश असतं. पहिल्या नंबरची टीम आठव्याकडून पाच सामन्यांत हरते, पाचव्या सामन्यात जिंकत आलेली आघाडी सोडते, त्याला अपयश नाही म्हणायचं तर शब्दकोशातून तो शब्दच काढून टाका. खेळाडूने हरल्यावर जळलंच पाहिजे. कोचची नोकरी जाते, आणि त्या वेळी मिलवॉकीच्या कोचची गेलीच. ‘सहभाग महत्त्वाचा’ हे शाळेच्या गॅदरिंगला ठीक आहे.

पण हरणं आणि फुकट जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रिंगवाले म्हणतात हरलं म्हणजे फुकट गेलं. यानिस त्यांना उत्तर देता देता म्हणतो की फुकट गेलं नाही, म्हणजे हरलोच नाही. दोघंही एकच समीकरण मांडतात, फक्त दोन टोकांनी. मला हरलेलंही हवंय आणि ते जपूनही ठेवायचंय. वानखेडेवर १५ नोव्हेंबर २०२३ ला शमीने न्यूझीलंडच्या सात विकेट काढल्या, कोहलीने वनडेतलं ५० वं शतक मारलं. चार दिवसांनी अहमदाबादला काय झालं ते मला सांगायला लावू नका. पण त्या रविवारमुळे तो बुधवार खोटा झाला का? तुमच्यातले जे त्या रात्री वानखेडेवर होते त्यांनी तिकीट फाडून टाकलं का?

हे केवळ चाहत्यांच्या भांडणापुरतं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण हा हिशोब टीमच्या ऑफिसातही जाऊन बसलाय. रिंगच एकमेव गोष्ट असेल तर तर्काने पुढचं वाक्य येतं : विजेते होणार नसाल तर मधल्या फळीत राहण्यापेक्षा तळाला जा. कारण एनबीएत तळाच्या टीम्सना पुढच्या ड्राफ्टच्या लॉटरीत वरचा नंबर, म्हणजे चांगला नवा खेळाडू, मिळण्याची जास्त शक्यता असते. फिलाडेल्फियाने हे उघडपणे केलं. २०१३ ते २०१६ या तीन सीझनमध्ये त्यांनी अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. ८२ पैकी १०! याला ‘प्रोसेस’ असं भारदस्त नाव होतं. तिकीट काढून आलेल्या बापाने शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, की बाळा, आज हरलो तर बरं? आणि एवढं करून मिळालं काय? २००१ नंतर २०२५ पर्यंत त्यांना प्लेऑफची दुसरी फेरी एकदाही ओलांडता आली नव्हती.

आमच्याकडे डेट्रॉइटला नावाला ‘प्रोसेस’ही नव्हती. २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरले, एका सीझनमधला विक्रम. १४ विजय, ६८ पराभव. मालकाने टीम विकावी म्हणून प्रेक्षक घोषणा देत होते.

माझा मावसभाऊ त्या गावात राहतो. पुण्या-चाकणच्या ऑटो कंपन्यांतून डेट्रॉइटच्या आसपास गेलेल्या कितीतरी मराठी इंजिनिअरांपैकी तो एक. मी शाळेत असताना तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला पिस्टन्सची निळी जर्सी आणली, गुडघ्यापर्यंत येणारी. माझं पिस्टन्सवाला असणं एवढ्यावर उभं आहे, आणि याची मला लाज वाटत नाही, टीम कुणी पत्रिका जुळवून निवडत नाही. तर त्या २८ पराभवांच्या हिवाळ्यात दादा दोनदा मॅचला गेला होता. का गेलास, असं विचारलं तर म्हणाला, ‘घरी बसून काय करू, बर्फ काढू?’

पुढच्या वर्षी तीच टीम, नवा कोच, ४४ विजय. १४ वरून ४४. आणि मग तो एप्रिल, जिथून मी सुरुवात केली.

आता त्या सिरीजमध्ये काय काय झालं ते ऐका आणि मग मला सांगा रिंग नाही म्हणून. पहिला सामना, आपल्या पहाटे साडेतीनला : चौथ्या क्वार्टरमध्ये आठ पॉइंटांनी पुढे असताना निक्सने सलग २१ पॉइंट केले आणि आम्ही कोसळलो. दुसरा, दूध उतू गेलेला. तिसरा, डेट्रॉइटला, दोन पॉइंटांनी हरलो. चौथा, एका पॉइंटने, ९४-९३. शेवटच्या क्षणी टिम हार्डवे ज्युनियर कोपऱ्यातून थ्री मारत होता, जॉश हार्ट त्याच्या अंगावर गेला, शिट्टी वाजली नाही. सामना संपल्यावर रेफ्रींनी मान्य केलं की फाउल होता. मान्य केल्याने पॉइंट मिळत नाहीत. पाचवा न्यूयॉर्कमध्ये जाऊन जिंकलो. सहा सामने, त्यातला एकही शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत ठरलेला नव्हता. माझ्या आयुष्यात मी सलग दोन आठवडे इतका नीट जागा क्वचितच राहिलो असेन.

आणि आमचा लेकर्सवाला? त्याच पंधरवड्यात त्याच्या टीमची मिनेसोटाशी पहिली फेरी चालू होती. चौथ्या सामन्यात लेकर्सच्या कोचने अख्ख्या दुसऱ्या हाफमध्ये एकही बदली केली नाही. तेच पाच खेळाडू, २४ मिनिटं, प्लेऑफमध्ये! त्यात लेब्रॉन होता, चाळीस वर्षांचा. हे शहाणपण होतं की वेडेपणा यावर तासभर बोलता येईल. ते ११६-११३ हरले. मग १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला, सकाळी पाचवा सामनाही हरले आणि ४-१ ने घरी गेले. मला वाटलं मित्र निदान त्या २४ मिनिटांबद्दल काही बोलेल. त्याने ग्रुपवर तीन शब्द टाकले : ‘सीझन वाया गेला.’ मी त्याला विचारलं, चौथी मॅच पूर्ण बघितलीस का? नाही, हायलाइट्स बघितले.

मला राग त्याचा नाही येत. राग येतो तो त्याच्या हातून काय काढून घेतलं गेलं याचा. ६७ सामने जिंकणाऱ्या डॅलसला २००७ मध्ये आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटने पहिल्या फेरीत बाहेर काढलं. १९९४ मध्ये आठव्या डेन्वरने पहिल्या सिएटलला ०-२ ने मागे असताना ३-२ हरवलं, आणि डिकेंबे मुटोंबो कोर्टवर पाठीवर पडून चेंडू दोन्ही हातांत धरून हसत राहिला. ते दृश्य माहीत नाही असा बास्केटबॉलवेडा मला भेटलेला नाही. डेन्वर पुढच्याच फेरीत हरले. त्या वर्षीची रिंग कुणाची, हे चार जणांना विचारून बघा, दोघं तरी फोन काढतील. डेमियन लिलार्डने पोर्टलंडसाठी दोनदा शेवटच्या क्षणाच्या थ्रीने अख्खी सिरीज जिंकून दिली, २०१४ मध्ये ०.९ सेकंद उरलेले असताना आणि २०१९ मध्ये ३७ फुटांवरून. दोन्ही पहिल्या फेरीत. तिथे या टीम्सकडे गमावण्यासारखं सगळं असतं. फायनलमध्ये हरणाऱ्याला निदान आपण फायनलला होतो एवढं तरी म्हणता येतं, इथे हरलेल्याला मेचा पहिला आठवडा उजाडतो आणि घरी कपडे धुवायचे असतात.

आणि आपल्यासाठी तर वेळाही छान आहेत, खरंच. पहिल्या शनिवारी चार सामने असतात. २०२५ मध्ये ते आपल्या रात्री साडेदहा, एक, पहाटे साडेतीन आणि सकाळी सहाला होते. सगळे बघा असं मी म्हणत नाही, मला स्वतःला एकनंतर डुलकी लागते. पण साडेदहाचा एक पूर्ण बघा. फ्री थ्रोच्या आधीचे कंटाळवाणे टाइमआउट, तिसऱ्या क्वार्टरमधली ढिलाई, एखाद्या राखीव खेळाडूने अचानक लावलेले सलग तीन शॉट, सगळ्यांसकट. शक्यतो अशा टीमचा, जी जिंकणार नाहीये.

सहावा सामना डेट्रॉइटला होता. आपल्याकडे शुक्रवार, २ मे, पहाटे पाच. या वेळी दूध तापवायला मी नकार दिला. शेवटची काही सेकंद, ११३-११३, जेलन ब्रन्सनने आमच्या माणसाला चकवून थ्री मारला. ११६-११३. घरच्या कोर्टवरचे तिन्ही सामने आम्ही हरलो होतो. कॅमेऱ्यात दिसत होतं की लोक लगेच उठत नाहीयेत, उभं राहून टाळ्या वाजवतायत, मध्येच कुणी डोळे पुसतंय.

दादा तिथेच होता. तासाभराने त्याचा फोन आला, पार्किंगमधून, मागे हॉर्न वाजत होते. घसा बसला होता.

“हरलो रे.”

“बघितलं दादा.”

“शेवटचा शॉट बघितलास? काय मारला यार त्या माणसाने.” मग थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. “अर्धा तास झाला, गाडी एक इंच हललेली नाही. सगळे इथेच आहेत अजून.”